परदेशी शिष्य आणि भाषेचे सामर्थ्य

पुण्याहून अहिल्यानगरकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर, पुण्यापासून सुमारे ४० किलोमीटर अंतरावर, शिरूर तालुक्यातील शिक्रापूर हे गाव आहे. चाकणचा रस्ता येथेच येऊन मिळतो. गावाच्या एका अंगास भीमा-कोरेगाव, दुसऱ्या अंगास रांजणगाव आणि त्यापुढे घोडनदीच्या काठचे शिरूर. रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत कोरियातील एलजी व चीनमधील हायर ह्या कंपन्यांचे कारखाने उभे आहेत. चाकणच्या बाजूस जर्मनीच्या फोक्सवॅगनचा कारखाना आहे. साहजिकच ह्या टापूतील शेतकऱ्यांच्या आणि शेतमजुरांच्या घरांतील तरुणांना जपानी, जर्मन, कोरियन ह्या भाषांचे महत्त्व कळू लागले आहे. भाषा आली की नोकरी मिळते, हा त्यांचा सरळ हिशेब आहे आणि तो चुकीचाही नाही. परंतु जे राष्ट्र आपली भाषा दुसऱ्याच्या मुलांना शिकवते त्याचाही एक हिशेब असतो. त्या दुसऱ्या हिशेबाचा इतिहासाच्या अंगाने विचार करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

जोसेफ नाय ह्या अमेरिकन अभ्यासकाने १९९० साली ह्या हिशेबाला एक नाव दिले. सैन्याच्या धाकाने किंवा पैशाच्या लोभाने जे करवून घेता येते त्याहून वेगळे, आकर्षणाने साधणारे सामर्थ्य म्हणजे सौम्य सत्ता, असे त्याचे प्रतिपादन होते. नाव नवे असले तरी व्यवहार जुना आहे. फ्रान्समध्ये आलियान्स फ्रान्सेझची स्थापना १८८३ साली झाली. जर्मनीची गटे संस्था १९५१ सालची. भारतात ती मॅक्सम्युल्लर भवन ह्या नावाने ओळखली जाते. जपान सरकारने परदेशी विद्यार्थ्यांसाठी १९५४ साली शिष्यवृत्त्या सुरू केल्या आणि चीनने २००४ पासून कन्फ्यूशियस संस्था उघडल्या. भारतानेही १९५० साली मौलाना अबुल कलाम आझाद ह्यांच्या पुढाकाराने भारतीय सांस्कृतिक संबंध परिषद स्थापन केली. ह्या सर्वांमागील अपेक्षा एकच आहे: जो विद्यार्थी आपली भाषा शिकून परत जाईल, तो आपल्याविषयी आपुलकीने बोलेल.

ही अपेक्षा पुष्कळदा सफल होते, हे मान्य करूनही एक प्रश्न उरतोच. परदेशी विद्यार्थी एखाद्या देशाची भाषा शिकतो तेव्हा ती कोणाच्या मुखातून शिकतो? राष्ट्र हा काही एकजिनसी गोळा नव्हे. त्यात शिकवणारे असतात आणि ज्यांना कधी शिकवू दिले गेले नाही असेही असतात. जो भाषा शिकवतो तोच विद्यार्थ्याला समाज दाखवतो, असे आमचे मत आहे आणि ह्या मताची कसोटी पाहण्यास शिक्रापूरची वाट फार उपयोगी आहे.

शिरूरची छावणी आणि मराठीचे कोश

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी शिरूर येथे ईस्ट इंडिया कंपनीची लष्करी छावणी होती. ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री कॅप्टन स्टाँटनची तुकडी शिरूरहून पुण्याकडे निघाली आणि रात्रभर चालून १ जानेवारी १८१८ च्या सकाळी भीमेच्या तीरी कोरेगावास पोहोचली. पुढे जे झाले ते आमच्या वाचकांस नव्याने सांगण्याचे कारण नाही. येथे आम्हांस दुसऱ्याच एका गोष्टीकडे लक्ष वेधावयाचे आहे. कोरेगावच्या स्तंभाची पायाभरणी १८२१ साली झाली आणि त्यावरील लेख इंग्रजी व मराठी अशा दोन भाषांत कोरले गेले. विजेत्याला आपली गोष्ट जिंकलेल्या मुलखाच्या भाषेत सांगण्याची गरज वाटली. त्याच स्तंभावर 'नाक' ह्या पदाने संपणारी महार सैनिकांची नावे आहेत. ज्यांची नावे दगडावर आली त्यांच्या मुलांना गावच्या शाळेत अक्षर गिरवण्याची मुभा नव्हती, हा ह्या द्विभाषिक स्तंभाचा न कोरलेला तिसरा लेख होय.

कंपनीच्या अधिकाऱ्यांनी मराठी कशी शिकली, हे पाहण्यासारखे आहे. कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात, जे १८०० साली स्थापन झाले, इंग्रज अधिकाऱ्यांना देशी भाषा शिकवल्या जात. तेथील अध्यापक विल्यम कॅरी ह्यांनी १८०५ साली मराठीचे व्याकरण आणि १८१० साली मराठीचा कोश प्रसिद्ध केला. त्यांचे मराठीचे साहाय्यक पंडित वैजनाथ शर्मा हे होते. पुढे मुंबई इलाख्यात मोल्सवर्थ ह्यांचा मोठा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली निघाला. त्याची दुसरी, वाढवलेली आवृत्ती १८५७ सालची. त्या कामीही साहाय्यक म्हणून ब्राह्मण पंडितच होते. सातारा येथे राहून ग्रँट डफ ह्यांनी मराठी कागदपत्रांचा वापर करून १८२६ साली मराठ्यांचा इतिहास प्रसिद्ध केला. ह्या ग्रंथांचे मोल आम्ही कमी लेखत नाही. मोल्सवर्थचा कोश आजही अभ्यासकाच्या हाताशी असावा लागतो. तथापि भाषा शिकणारा परका राज्यकर्ता आणि भाषा शिकवणारा पंडित ह्यांच्यामधून ह्या प्रदेशाचे जे चित्र जगापुढे गेले, त्यात गावकुसाबाहेरच्या माणसाचा स्वतःचा आवाज नव्हता. त्याच्याविषयी लिहिले गेले, परंतु त्याला विचारून नव्हे.

अमेरिकन मराठी मिशनच्या पाद्र्यांची गोष्ट किंचित वेगळी आहे. १८१३ साली मुंबईत आरंभ झालेले हे कार्य पुढे अहमदनगरला आणि त्याच शतकात शिरूरलाही पोहोचले. धर्मप्रसार हा त्यांचा उघड हेतू होता. त्यांना मराठी हवी होती ती दरबारी कामासाठी नव्हे, तर महारवाड्यात आणि मांगवाड्यात बोलण्यासाठी. म्हणून त्यांच्या शाळांची दारे आमच्या पूर्वजांसाठी उघडली. एकाच रस्त्यावर, एकाच भाषेच्या दोन परकी विद्यार्थ्यांनी दोन निराळ्या वस्त्यांत जाऊन ती भाषा ऐकली आणि त्यांना दोन निराळे समाज दिसले.

धम्माच्या परंपरेतील भाषाशिक्षण

राज्य करण्यासाठी आणि धर्मांतरासाठी भाषा शिकणे हे दोन प्रकार पाहिल्यावर तिसऱ्या प्रकाराकडे वळणे क्रमप्राप्त आहे. भाषेचा अभिमान न बाळगता भाषा शिकण्याची आणि शिकवण्याची परंपरा बुद्धशासनात प्रारंभापासून दिसते. चुल्लवग्गात अशी कथा आली आहे की, ब्राह्मणकुलात जन्मलेल्या दोन भिक्खू बंधूंनी तथागतांस विनंती केली की निरनिराळ्या गोत्रांचे व कुलांचे भिक्खू बुद्धवचन बिघडवीत आहेत, तेव्हा ते छंदस् मध्ये, म्हणजे वैदिक भाषेच्या धर्तीवर, बांधू द्यावे. तथागतांनी त्यांची निर्भर्त्सना केली आणि तसे करणारास दुक्कट आपत्ती सांगून, बुद्धवचन स्वतःच्या भाषेत शिकण्याची अनुज्ञा दिली. 'स्वतःची' म्हणजे कोणाची, ह्याविषयी मतभेद आहे. अट्ठकथाकार बुद्धघोष तिचा अर्थ बुद्धांची स्वतःची मागधी असा करतात. अनेक आधुनिक अभ्यासक शिकणाऱ्या भिक्खूची भाषा असा करतात. कोणताही अर्थ घेतला तरी एक गोष्ट निर्विवाद आहे: ज्या भाषेच्या शिक्षणावर एका वर्णाची मक्तेदारी होती, त्या भाषेच्या कुंपणात धम्म कोंडण्यास तथागतांनी नकार दिला.

मज्झिमनिकायातील अरणविभंगसुत्तात हाच विचार आणखी पुढे नेला आहे. एकाच भांड्यास एका जनपदात पाती म्हणतात, दुसऱ्यात पत्त, तिसऱ्यात सराव. भिक्खूने आपल्याच जनपदाच्या शब्दाचा हट्ट धरून इतर सर्व खोटे म्हणू नये. जेथे जावे तेथील लोक ज्या शब्दाने ते भांडे ओळखतात तो शब्द वापरावा. परक्या मुलखात जाणाऱ्या विद्यार्थ्यास आणि त्याला शिकवणाऱ्या आचार्यास ह्याहून सुटसुटीत नियम आम्हांस तरी ठाऊक नाही.

ह्या नियमावर उभी राहिलेली विहारे ही परदेशी विद्यार्थ्यांची विद्यालये झाली. चिनी भिक्खू फाहियान पाचव्या शतकाच्या आरंभी विनयग्रंथांच्या शोधात भारतात आला. उत्तरेकडील देशांत विनय मुखपरंपरेने चालत असल्याने त्याला लिखित प्रत मिळेना. अखेर पाटलिपुत्रात तो तीन वर्षे राहिला, संस्कृत शिकला आणि ग्रंथांच्या नकला करून घेतल्या. सातव्या शतकात ह्युएनत्संग नालंदेत आचार्य शीलभद्रांचा शिष्य झाला आणि ६४५ साली ६५७ ग्रंथ घेऊन चीनला परतला. आपल्या प्रवासात तो महाराष्ट्रातही येऊन गेला होता. त्याच्यानंतर, ६७१ साली, इत्सिंग निघाला. तो थेट नालंदेस गेला नाही. आजच्या सुमात्रा बेटावरील श्रीविजय राज्यात सहा महिने थांबून त्याने शब्दविद्येचा, म्हणजे संस्कृत व्याकरणाचा, पाया पक्का केला, मग ताम्रलिप्तीस उतरून पुन्हा भाषेचा अभ्यास केला आणि नंतर नालंदेत सुमारे १० वर्षे घालवली. भारतात जाऊ इच्छिणाऱ्या चिनी भिक्खूंनी आधी श्रीविजयात वर्ष-दोन वर्षे राहून तयारी करावी, असा सल्ला त्याने लिहून ठेवला आहे. परदेशी विद्यार्थ्यांसाठी पूर्वतयारीचा वर्ग ही कल्पना १३०० वर्षांपूर्वीची आहे.

विद्यार्थ्यांच्या राहण्या-जेवण्याची सोय कशी होत असे, ह्याचाही पुरावा उपलब्ध आहे. नवव्या शतकातील नालंदा ताम्रपटावरून असे कळते की, सुवर्णद्वीपाचा राजा बालपुत्रदेव ह्याने नालंदेत एक विहार बांधला आणि त्याच्या विनंतीवरून पाल राजा देवपाल ह्याने पाच गावांचे उत्पन्न त्या विहारास लावून दिले. हे उत्पन्न चारी दिशांहून येणाऱ्या भिक्खूंच्या अन्न, वस्त्र, औषधांसाठी, विहाराच्या डागडुजीसाठी आणि ग्रंथांच्या लेखनासाठी होते. आजच्या भाषेत हे परदेशी विद्यार्थ्यांचे वसतिगृह, शिष्यवृत्ती आणि ग्रंथालय होय. ह्यातून मगधाला काय मिळाले? सैन्य न पाठवता नालंदेचे नाव सुमात्रा, चीन आणि तिबेटपर्यंत आदराने घेतले जाऊ लागले. तो आदर राजवंश बुडाल्यावरही टिकला.

मात्र ही वाट एकेरी नव्हती, हे विशेष. परंपरेनुसार स्थविर महिंदांनी इ. स. पूर्व तिसऱ्या शतकात सिंहल द्वीपात धम्म नेला आणि अट्ठकथा त्या बेटाच्या भाषेत रुजवली. पुढे इ. स. पाचव्या शतकात, राजा महानामाच्या काळात, आचार्य बुद्धघोष भारतातून अनुराधपुरास गेले, कारण त्या अट्ठकथा आता केवळ सिंहली भाषेत शिल्लक होत्या. महाविहाराच्या स्थविरांनी त्यांची परीक्षा घेतली. त्या परीक्षेतून 'विसुद्धिमग्ग' हा ग्रंथ निर्माण झाला, असे परंपरा सांगते. मग सिंहली अट्ठकथा त्यांनी पालीत आणल्या. ज्या देशाने शिकवले होते त्याच देशाचा आचार्य कालांतराने विद्यार्थी होऊन गेला. आपण गुरुस्थानी आहोत हा अहंकार धम्माच्या इतिहासात टिकत नाही, हाच ह्याचा बोध.

सिंहल द्वीपातील मराठी विद्यार्थी

हा बोध महाराष्ट्राला विसाव्या शतकाच्या आरंभी पुन्हा घ्यावा लागला. ज्या भूमीत कार्ले, भाजे, जुन्नर, अजिंठा येथे शेकडो लेणी कोरली गेली, त्या भूमीत पालीचे एक वाक्य समजावून सांगणारा आचार्य मिळणे कठीण झाले होते. अशा काळात गोव्यातील साखवळ येथे १८७६ साली जन्मलेले धर्मानंद कोसंबी 'बालबोध' मासिकात आलेले बुद्धचरित्र वाचून अस्वस्थ झाले आणि १८९९ च्या अखेरीस घराबाहेर पडले. पुणे, काशी येथे संस्कृतचे अध्ययन करून, नेपाळपर्यंत भटकंती करून, अखेर १९०२ साली ते श्रीलंकेस पोहोचले. कोलंबोतील विद्योदय परिवेण हे विद्यापीठ हिक्कडुवे श्री सुमंगल महास्थविरांनी १८७३ साली स्थापन केले होते. तेथे त्यांच्या हाताखाली कोसंबी सिंहली लिपीतून पाली शिकले व श्रामणेर झाले. त्यानंतर ब्रह्मदेशात जाऊन त्यांनी बर्मी लिपीतील ग्रंथांचा आणि ध्यानमार्गाचा अभ्यास केला.

श्रीलंका त्या वेळी स्वतःच इंग्रजांची वसाहत होती. तिच्यापाशी सैन्य नव्हते, खजिना नव्हता, राजदूत नव्हते. तिच्यापाशी होते एक परिवेण आणि त्यात शिकवणारे भिक्खू. त्या परिवेणातील एका परदेशी विद्यार्थ्याच्या अध्ययनातून महाराष्ट्रात काय उगवले ते पाहण्याजोगे आहे. कलकत्त्यात पालीचे अध्यापन करीत असलेल्या कोसंबींना बडोद्याचे सयाजीराव गायकवाड ह्यांनी महाराष्ट्रात काम करावे ह्या अटीवर दरमहा ५० रुपये देऊ केले, आणि १९०८ साली त्यांनी कलकत्त्याची नोकरी सोडली. १९१० साली ते अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठात 'विसुद्धिमग्ग'च्या संपादनकार्यासाठी गेले. १९१२ ते १९१८ ह्या काळात पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात त्यांनी पाली शिकवली. पु. वि. बापट, ना. के. भागवत, चिं. वै. राजवाडे ही त्यांची शिष्यमंडळी. भागवतांनी पाली ग्रंथांच्या देवनागरी आवृत्त्या तयार केल्या. बापटांनी चिनी व तिबेटी भाषा आत्मसात करून 'विमुत्तिमग्ग' व 'विसुद्धिमग्ग' ह्यांचा तौलनिक अभ्यास १९३७ साली प्रसिद्ध केला, आणि १९७० साली जपानचे विद्वान अकिरा हिराकावा ह्यांच्या सहकार्याने समन्तपासादिकेच्या चिनी रूपाचा अनुवाद पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरातून प्रकाशित केला. कोलंबोच्या परिवेणात पेटलेली ज्योत दोन पिढ्यांत पुण्याला टोकियोशी जोडून गेली.

आमच्या दृष्टीने ह्याहून महत्त्वाची गोष्ट निराळी आहे. मूळ पाली वाचू शकल्यामुळेच कोसंबींना 'भगवान बुद्ध' ह्या ग्रंथात गृहत्यागाची रूढ कथा तपासता आली. वृद्ध, रोगी, प्रेत आणि संन्यासी पाहून सिद्धार्थ बाहेर पडला, ही कथा बाजूस ठेवून त्यांनी सुत्तनिपातातील अत्तदण्डसुत्ताच्या आधारे शाक्य आणि कोलीय ह्यांच्यातील कलहाकडे बोट दाखवले. 'द बुद्ध अँड हिज धम्म' ह्या ग्रंथात बाबासाहेबांनी गृहत्यागाचे कारण म्हणून रोहिणी नदीच्या पाण्यावरून झालेला शाक्य-कोलीयांचा संघर्षच घेतला आहे. पाण्याचा हक्क नाकारलेल्या समाजाला हा सिद्धार्थ किती जवळचा वाटला, हे आम्ही वेगळे सांगावयास नको. भाषा येणे म्हणजे नुसते शब्दार्थ कळणे नव्हे. दुसऱ्याने सांगितलेली कथा तपासण्याचा अधिकार हाती येणे होय.

हा अधिकार बाबासाहेबांना सहज मिळाला नाही. शाळेत त्यांना संस्कृत शिकू दिले गेले नाही, म्हणून त्यांना फारसी घ्यावी लागली. १९१३ साली ते कोलंबिया विद्यापीठात परदेशी विद्यार्थी म्हणून गेले, पुढे लंडन, आणि जर्मन भाषेच्या बळावर त्यांनी जर्मनीतील बॉन विद्यापीठातही नाव नोंदवले. स्वदेशात ज्याला एका भाषेचे दार बंद होते, त्याला परदेशात अनेक भाषांची दारे उघडी मिळाली. पुढे पालीचा अभ्यास त्यांनी किती निष्ठेने केला, ह्याची साक्ष त्यांनी तयार केलेला पाली कोश व व्याकरण देतात. महाराष्ट्र शासनाने ते १९९८ साली त्यांच्या लेखन-भाषणांच्या सोळाव्या खंडात प्रसिद्ध केले. १९५० साली श्रीलंकेस आणि १९५४ साली ब्रह्मदेशात बौद्ध परिषदांना ते गेले, तेव्हा ह्या देशांनी जपलेल्या भाषेचे ऋण त्यांच्या मनात नसेल असे कोण म्हणेल?

भदन्त आनंद कौसल्यायन ह्यांचे उदाहरणही येथे स्मरणीय आहे. श्रीलंकेच्या विद्यालंकार परिवेणात ते पाली शिकले आणि तेच परिवेण विद्यापीठ झाल्यावर तेथे हिंदीचे अध्यापक म्हणून गेले. ज्या देशाकडून भाषा घेतली त्याच देशाला भाषा दिली. बाबासाहेबांच्या ग्रंथाचा हिंदी अनुवाद आणि त्यातील वचनांच्या पाली आधारांचा शोध हे त्यांचे कार्य. नागपूर ही त्यांची अखेरची कर्मभूमी ठरली.

मराठी शिकलेले परदेशी अभ्यासक

पाली परत आली. मराठीचे काय झाले? धम्मदीक्षेपूर्वीच्या आणि नंतरच्या चळवळीचे मूळ साहित्य बहुतांशी मराठीत आहे. 'मूकनायक' १९२०, 'बहिष्कृत भारत' १९२७, 'जनता' १९३०, 'प्रबुद्ध भारत' १९५६ ही पत्रे, चांगदेव खैरमोडे ह्यांचे बहुखंडी चरित्र, शाहिरांचे जलसे, आत्मकथने. ज्याला मराठी येत नाही त्याला बाबासाहेबांचे इंग्रजी ग्रंथ वाचता येतात. परंतु ते ग्रंथ ज्या लोकांच्या हालचालीतून जन्मले त्या लोकांचे बोलणे ऐकता येत नाही.

हे बोलणे जगाच्या कानी प्रथम नेले ते मराठी शिकलेल्या काही परदेशी विद्यार्थ्यांनी. अमेरिकेच्या एलिनॉर झेलियट ह्यांनी पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात १९६९ साली डॉ. आंबेडकर व महार चळवळ ह्या विषयावर प्रबंध सादर केला. त्यासाठी त्यांनी मराठी कागदपत्रे वाचली आणि महाराष्ट्रात हिंडून चळवळीतील माणसांशी संवाद केला. तेव्हा पाश्चात्त्य विद्यापीठांत बाबासाहेबांचे नाव फारसे घेतले जात नव्हते. २०१६ साली त्यांचे निधन झाले, त्या वेळी आंबेडकर-अध्ययन ही जगभर मान्य शाखा झाली होती. गेल ऑम्व्हेट ह्यांनी महाराष्ट्रातील ब्राह्मणेतर चळवळीवर बर्कली येथे १९७३ साली प्रबंध पूर्ण केला, सांगली जिल्ह्यातील कासेगाव येथे संसार मांडला, १९८३ साली भारतीय नागरिकत्व घेतले आणि २०२१ साली येथेच देह ठेवला. वसंत मून ह्यांची 'वस्ती' त्यांनी इंग्रजीत नेली; तो अनुवाद २००१ साली निघाला. नागपूरच्या एका महारवस्तीचे बालपण त्यामुळे जगातील विद्यार्थ्यांना वाचता आले.

ह्या दोघींसोबत मॅक्सिन बर्नसन ह्यांचे नाव घेणे आवश्यक आहे. १९६१ साली भारतात आलेल्या बर्नसन बाईंनी फलटणच्या बोलीवर भाषाशास्त्रीय संशोधन केले, १९७८ साली भारतीय नागरिकत्व स्वीकारले आणि जाई निंबकर ह्यांच्यासह परदेशी विद्यार्थ्यांसाठी मराठीचे पाठ्यपुस्तक तयार केले. फलटणमध्ये कोणत्या जातीचा, किती शिकलेला माणूस कसा बोलतो, हा त्यांच्या संशोधनाचा विषय होता. पुढे १९८४ साली त्यांनी फलटणलाच प्रगत शिक्षण संस्था काढली आणि गोरगरिबांच्या मुलांच्या वाचन-लेखनात लक्ष घातले. पंडितांच्या मराठीवरून गावाच्या मराठीकडे झालेले हे वळण आमच्या प्रतिपादनास पुष्टी देते. मोल्सवर्थच्या काळी परक्याने विचारले ते पंडितांना. बर्नसन, झेलियट आणि ऑम्व्हेट ह्यांनी विचारले ते वस्तीला. शिक्षक बदलला आणि महाराष्ट्राचे जगातील चित्र बदलले.

ह्यात कोणत्याही सरकारची योजना नव्हती. चळवळीने आपला प्रचार व्हावा म्हणून ह्यांना पाचारण केले नव्हते. वस्तीतील माणसांनी त्यांना घरात घेतले, त्यांच्या अडखळत्या मराठीस हसून का होईना उत्तरे दिली, घरातील जुनी पत्रके पेटीतून काढून दाखवली. सौम्य सत्ता हा शब्द राजकारण्यांचा आहे. आमच्या परंपरेत ह्यास दान आणि कल्याणमित्रता म्हणतात. त्यात शिष्याला आपल्या हातचे बाहुले करण्याचा हेतू नसतो. तो उद्या आपल्यावर टीकाही करील. झेलियट आणि ऑम्व्हेट ह्यांनीही चळवळीचे केवळ स्तवन केले नाही. म्हणूनच त्यांच्या शब्दाला वजन आले.

आमच्या दारातील विद्यार्थी

आता वर्तमानाकडे वळू. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात थायलंड, व्हिएतनाम, म्यानमार इत्यादी देशांतील भिक्खू व गृहस्थ विद्यार्थी पाली आणि बौद्ध विद्येच्या अध्ययनासाठी येतात. महाराष्ट्रातील काही भिक्खू व श्रामणेरही श्रीलंका, म्यानमार, थायलंड येथे शिकावयास जातात. ज्या वाटेवरून कोसंबी गेले ती आता दोन्ही दिशांनी वाहती आहे.

परंतु येथे आलेल्या ह्या विद्यार्थ्यांचा अभ्यास इंग्रजीच्या माध्यमातून होतो. पाली ग्रंथ ते रोमन लिपीत किंवा आपल्या देशाच्या लिपीत वाचतात. थाई भिक्खूच्या मुखी 'बुद्ध' हा शब्द 'फुत्थ' असा येतो. म्यानमारच्या भिक्खूच्या मुखी 'स'काराची जागा 'थ'कारासारखा उच्चार घेतो. अरणविभंगसुत्त ज्याने वाचले आहे तो ह्याला हसणार नाही. खेद वाटतो तो दुसऱ्या गोष्टीचा. दोन-तीन वर्षे पुण्यात काढूनही ह्यांतील बहुतेकांना मराठी येत नाही. ते बोधगया, सारनाथ, कुशीनगर येथे जातात, अजिंठा पाहतात. भीमा-कोरेगाव, महाडचे चवदार तळे, दीक्षाभूमी ही नावे त्यांच्या यात्रेत असली तरी तेथील माणसांशी त्यांना बोलता येत नाही. त्यांच्या देशात परतल्यावर त्यांना कोणी विचारले की भारतात बौद्ध आहेत काय, तर त्यांच्यापाशी प्राचीन भारताची माहिती भरपूर आणि जिवंत भारताची अल्प असते. १९५६ च्या घटनेविषयी बौद्ध जगात जे अज्ञान आढळते, त्याचे एक कारण हे आहे. आणि ते दूर करणे आमच्या हातचे आहे.

कोणी म्हणेल, इंग्रजी पुरेशी नाही काय? विद्यापीठाच्या परीक्षेस ती पुरते. शिक्रापूरच्या बुद्धविहारात पौर्णिमेस जमलेल्या शेतमजूर स्त्रीशी बोलावयास ती पुरत नाही. तिची श्रद्धा कशी आहे, तिच्या सासूने १९५६ नंतर घरातील देव कसे हलवले, तिच्या मुलीला शाळेत काय ऐकावे लागते, हे इंग्रजी दुभाष्याकडून कळावयाचे नाही. दुभाषा नेहमी शिकलेला असतो आणि शिकलेला माणूस आपल्याला सोयीचे तेवढेच भाषांतर करतो.

शिवाय पाली जाणणाऱ्यास मराठी परकी नाही. हत्थ-हात, कण्ण-कान, सप्प-साप, सत्त-सात, अट्ठ-आठ अशा शेकडो जोड्या समोर ठेवल्या की परदेशी भिक्खूला आपण अर्धी वाट आधीच चालून आलो आहोत, असे वाटू लागते. असे एक छोटे पाठ्यपुस्तक, पालीच्या शब्दांवरून मराठी शिकवणारे आणि ज्यात बाजार, शेत, विहार व वस्ती येथील संवाद असतील, ते पाली-मराठी दोन्ही जाणणाऱ्या आमच्या तरुण अभ्यासकांनी सिद्ध करावे. विद्यापीठाजवळच्या विहारांनी आठवड्यातून दोन संध्याकाळी मराठी संभाषणाचा वर्ग चालवावा. शिरूर-दौंड भागातील विहारांनी सुटीच्या दिवसांत एकेका परदेशी भिक्खूस आठवडाभर ठेवून घ्यावे. ह्यास लागणारे द्रव्य थोडे आहे. नालंदेस पाच गावांचे उत्पन्न लागले. आम्हांस एका गावाचे आतिथ्य पुरे.

त्याचबरोबर आमच्या मुलांनीही शिकावे. रांजणगावच्या कारखान्यासाठी कोरियन आणि चाकणसाठी जर्मन जरूर शिकावी; पोटाची भाषा हलकी नसते. परंतु सिंहली, थाई, बर्मी, जपानी ह्या भाषा केवळ नोकरीच्या नव्हेत, तर त्या धम्मबंधूंच्याही आहेत, हे ध्यानी ठेवावे. ज्या जपानी भाषेमुळे कारखान्यात बढती मिळते तिच्यातच बौद्ध विद्येचे अफाट संशोधन लिहिलेले आहे. बापट चिनी शिकले ते नोकरीसाठी नव्हे.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठी आणि पाली ह्या दोन्ही भाषांना, प्राकृत, आसामी व बंगाली ह्यांच्यासह, अभिजात भाषेचा दर्जा दिला. एकाच दिवशी आमच्या धम्माची भाषा आणि आमच्या घराची भाषा ह्यांचा असा सन्मान व्हावा, ही आनंदाची गोष्ट आहे. पण दर्जा हा भूतकाळाचा गौरव असतो. भाषेचे सामर्थ्य ठरते ते तिला शिकावयास आलेल्या परक्या माणसाने कोणत्या दारावर थाप दिली आणि ते दार कोणी उघडले ह्यावर. शतकानुशतके ते दार दुसरेच उघडीत आले. आता आमच्या वस्तीच्या दारावर थाप पडली, तर ते आम्ही उघडले पाहिजे आणि पहिला धडा आम्ही शिकवला पाहिजे.